सरावाचे घड्याळ आणि नियमांची मोजपट्टी

नोव्हेंबर 2025 मध्ये लास व्हेगासची फॉर्म्युला वन शर्यत संपली तेव्हा मॅक्लारेन संघाचा लँडो नॉरिस दुसरा, तर त्याचा सहकारी ऑस्कर पियास्त्री चौथा होता. काही तासांनी निकालपत्रकात दोघांचीही नावे उरली नव्हती. मोटारीच्या तळाशी बसवलेली फळी शर्यतीनंतर किमान 9 मिलिमीटर जाड असली पाहिजे, असा नियम आहे. नॉरिसच्या मोटारीत ती एका ठिकाणी 8.88 मिलिमीटर, तर पियास्त्रीच्या मोटारीत 8.74 मिलिमीटर भरली. एका दिवसात संघाचे 30 गुण गेले आणि मॅक्स व्हर्स्टापेनवरील नॉरिसची आघाडी 42 वरून 24 गुणांवर आली. पुढे नॉरिसने जगज्जेतेपद मिळवले खरे, पण अवघ्या दोन गुणांनी.

तपासणी करणाऱ्या निरीक्षकांनी यात लबाडीचा हेतू दिसत नसल्याचे नमूद केले. मोटार अपेक्षेपेक्षा अधिक उसळली व तळ घासला गेला, असे संघाचे म्हणणे होते, आणि कोरड्या रस्त्यावर पुरेसा सराव न मिळाल्याचे कारणही पुढे आले. हे कारण ऐकून सामान्य प्रेक्षकाला नवल वाटेल. सराव तो काय, ड्रायव्हरचा हात बसावा म्हणून मारलेल्या फेऱ्या, असाच आपला समज असतो. प्रत्यक्षात शर्यतीच्या आठवड्यात सर्वाधिक मोजमापे होतात ती सरावातच.

ही फळी आली कोठून? मे 1994 मध्ये इमोला येथे आयर्टन सेनाचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर मोटारींचा वेग कमी करण्यासाठी जे उपाय झाले, त्यांत तळाला 10 मिलिमीटर जाडीची, मुळात लाकडी थरांची फळी बसवणे सक्तीचे झाले. मोटार जमिनीला जितकी चिकटून धावते तितकी हवा तिला खाली दाबून धरते आणि वळणावर वेग वाढतो. फळी मध्ये आली की मोटार फार खाली आणता येत नाही, कारण घासून एक मिलिमीटरहून अधिक झिजली तर बाद. त्याच वर्षी बेल्जियमची शर्यत जिंकलेल्या मायकेल शूमाकरला या नियमाचा पहिला मोठा फटका बसला. त्याचे विजेतेपद काढून डेमन हिलला देण्यात आले आणि हंगामाअखेर शूमाकर केवळ एका गुणाने जगज्जेता ठरला.

म्हणजे प्रत्येक संघापुढे दर आठवड्याला एकच कोडे असते. मोटार किती खाली ठेवायची? एक मिलिमीटर वर ठेवली तर वेग जातो, एक मिलिमीटर खाली ठेवली तर निकाल जातो. याचे उत्तर संगणकावर पूर्ण मिळत नाही. त्यासाठी सराव सत्रात मोटारीत भरपूर इंधन भरून सलग बऱ्याच फेऱ्या मारल्या जातात, मग मोटार उचलून फळीची झीज मोजली जाते आणि पूर्ण शर्यतीत ती किती होईल याचा हिशेब मांडला जातो. पात्रता फेरी सुरू झाली की मोटारीची मांडणी जवळपास गोठते. नंतर चूक कळली तरी हात लावता येत नाही.

नेहमीच्या आठवड्यात अशी तासाभराची तीन सत्रे मिळतात. छोटी स्प्रिंट शर्यत असलेल्या आठवड्यात मात्र एकच. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे असाच आठवडा होता, आणि रस्ता खडबडीत. दुसरा आलेला लुईस हॅमिल्टन आणि सहावा आलेला शार्ल लक्लेर या दोघांच्या फळ्या कमी भरल्या व दोघेही बाद झाले. त्या दिवशी फळीची तपासणी झाली ती केवळ चार मोटारींची. चारांतील दोन दोषी, तर न तपासलेल्या मोटारींचे काय, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो अगदीच गैरलागू नव्हता. मार्च 2025 मध्ये चीनच्या शर्यतीत, पुन्हा एकाच सराव सत्राच्या आठवड्यात, हॅमिल्टन फळीमुळे, तर लक्लेर व पिएर गॅस्ली वजन कमी भरल्याने बाद झाले. लक्लेरच्या मोटारीचे वजन 800 किलोऐवजी 799 किलो भरले होते!

सरावातील वेळेचा तक्ता वाचताना म्हणूनच सावध राहावे लागते. कोणाच्या टाकीत किती इंधन आहे, इंजिनाची किती ताकद वापरली, हे बाहेरच्यांना कळत नाही. साधारण 10 किलो इंधन जास्त असले तर फेरीमागे सेकंदाचा तीन दशांश भाग जातो, असा ढोबळ हिशेब आहे. काही संघ मुद्दाम हात राखून धावतात. शुक्रवारचा अव्वल रविवारी पाचवा आला तर त्यात आश्चर्य नाही.

पण वेळ लपवता येते तशी मोटार लपवता येत नाही. सराव सत्रात प्रत्येक संघाचे छायाचित्रकार प्रतिस्पर्ध्यांच्या मोटारी टिपत असतात आणि संशयाची सुरुवात बहुधा तेथूनच होते. भारतीय प्रेक्षकांनी हे घरच्या मैदानावर पाहिले आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रां प्री झाली. शुक्रवारच्या पहिल्या सत्रात रस्त्यावर कुत्रे शिरले आणि वर्तमानपत्रांचे मथळे त्यानेच व्यापले. जाणकारांचे लक्ष मात्र फेरारीच्या फेलिपे मासाकडे होते. त्याच्या मोटारीचा नवा पुढचा पंख सरळ रस्त्यावर अक्षरशः फडफडत होता, जमिनीला घासून ठिणग्या उडत होत्या. त्याच दिवशी दुसऱ्या सत्रात मासा सर्वांत वेगवान ठरला.

पंखाच्या लवचिकतेचा वाद जुना आहे. पंख घट्ट बसवलेला असावा, हलू नये, असे नियम सांगतो. परंतु जगात पूर्णपणे न वाकणारी वस्तू नसते. म्हणून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजेच एफआयए, उभ्या मोटारीच्या पंखावर ठरावीक भार टाकून तो किती वाकतो ते मोजते. अभियंत्यांनी यातून वाट काढली. तपासणीच्या भाराखाली पंख ताठ राहील आणि ताशी तीनशे किलोमीटरच्या वाऱ्यात वाकेल, अशी त्याची वीण ठेवायची. वेगात पंख झुकला की हवेचा अडथळा कमी होतो, वळणावर तो पुन्हा उभा राहतो. याला नियमभंग म्हणायचे की हुशारी? तपासणीत उत्तीर्ण झालेली मोटार नियमात बसते, असे संघ म्हणतात. नियमाचा हेतूच पायदळी गेला, असे प्रतिस्पर्धी म्हणतात.

2021 मध्ये एफआयएने मागील पंखांवर ठिपके लावायला सांगून ते कॅमेऱ्यातून पाहिले. 2024 मध्ये बेल्जियमच्या शर्यतीपासून सराव सत्रांत पुढच्या पंखांवर जादा कॅमेरे रोखले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाकू येथे पियास्त्रीच्या मागील पंखातील फट वेगात किंचित उघडते, असे चित्रीकरणात दिसले. तपासण्यांत पंख उत्तीर्ण होता, तरीही मॅक्लारेनने त्यात बदल करण्याचे मान्य केले. अखेर जून 2025 च्या स्पेन शर्यतीपासून 100 किलो भाराखाली पुढच्या पंखाला असलेली वाकण्याची मुभा 15 वरून 10 मिलिमीटरवर आणण्यात आली.

सर्व संशयांचा निकाल असा लागत नाही. 2019 च्या उत्तरार्धात फेरारीच्या इंजिनाची ताकद इतरांच्या डोळ्यांवर आली. इंधनाचा प्रवाह ताशी 100 किलोपेक्षा जास्त नसावा, असा तेव्हा नियम होता आणि ते पाहण्यासाठी मोटारीत मापक असे. तो फसवला जातो काय, असा प्रश्न होता. फेब्रुवारी 2020 मध्ये, बार्सिलोनातील चाचणीच्या अखेरच्या दिवशी, एफआयएने फेरारीशी समझोता झाल्याचे जाहीर केले व त्याचा तपशील गुप्त ठेवला. महासंघाला संशय होता, पण पुरावा सिद्ध करणे शक्य नव्हते. सात संघांनी निषेध नोंदवला. फेरारी त्या हंगामात एकही शर्यत न जिंकता सहावी आली. दोषमुक्ती नाही आणि दोषसिद्धीही नाही, हा निकालाचा सर्वांत वाईट प्रकार म्हटला पाहिजे.

त्याच बार्सिलोनातील चाचणीत दुसरा संशय जन्मला. रेसिंग पॉइंटची गुलाबी मोटार मर्सिडीजच्या आदल्या वर्षीच्या मोटारीसारखी हुबेहूब दिसत होती. हा संघ म्हणजे विजय मल्ल्या यांच्या फोर्स इंडियाचा वारसदार. 2018 मध्ये आर्थिक अडचणीत सापडल्यावर तो कॅनडाच्या लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाकडे गेला. रेनॉ संघाने तक्रार केली. मागील चाकांच्या ब्रेकना हवा पुरवणाऱ्या झडपांची रचना संघाची स्वतःची नाही, असा निर्णय ऑगस्ट 2020 मध्ये लागला. दंड 4 लाख युरो आणि 15 गुण. हंगामाच्या शेवटी मॅक्लारेनचे 202 व रेसिंग पॉइंटचे 195 गुण झाले. ते 15 गुण असते तर तिसरे स्थान आणि त्यासोबतची बक्षिसाची मोठी रक्कम त्यांची होती.

भंडारा जिल्ह्यातील वाचकांना शर्यतीतील संशय काही परका नाही. मोहाडीपासून लाखनीपर्यंत शंकरपटाचे वेड आहे. 2014 च्या बंदीनंतर राज्याने 2017 मध्ये कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये तात्पुरती परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने कायदा वैध ठरवला. काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना मनाई आहे व धावेचे अंतर 1000 मीटरच्या आत ठेवावे लागते. पटाच्या दिवशी अधिकारी हजर असतात. परंतु बैलजोडीची तयारी महिनोन्महिने शेतात चालते आणि तेथे लक्ष ठेवणे अवघड. फॉर्म्युला वनमध्ये नेमके उलट आहे, सर्वाधिक नजरा सरावावरच असतात. तरीही वाद संपत नाहीत.

2026 च्या नव्या नियमांनी इंजिनातील संपीडनाचे प्रमाण 18 वरून 16 वर आणले. मापन इंजिन थंड असताना करायचे असे ठरले होते. तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि प्रमाण पुन्हा वाढवता येते, अशी कुजबुज हंगामाची पहिली शर्यत होण्यापूर्वीच सुरू झाली होती.