पॉलिसी वाचताना – भाग ११ : श्वासाचं यंत्र आणि चोवीस तासांची खाट

रात्रीचे अडीच वाजले होते. मी पलंगावर उठून बसले होते आणि मोबाइलच्या उजेडात सेकंद मोजत होते. यजमानांचं घोरणं एकाएकी थांबलं होतं. छाती हलत होती, पोट हलत होतं, पण नाकातोंडातून हवा काही येत-जात नव्हती. बारा, अठरा, चोवीस... अठ्ठाविसाव्या सेकंदाला गचका बसावा तसा त्यांनी मोठा श्वास घेतला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागले. सकाळी चहा पिताना विचारलं, तर त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं. ‘रात्रभर छान झोपलो, तरी अंग जड आहे,’ एवढंच म्हणाले.

या आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट मिटते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून जागा होतो, माणूस श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. हे रात्रभर चालतं. श्वास किमान दहा सेकंद थांबला की ती एक घटना धरतात. पूर्ण थांबण्याच्या आणि अर्धवट अडकण्याच्या अशा घटना तासाला सरासरी किती झाल्या, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. स्लीप स्टडीच्या, म्हणजे रात्रभर झोपेत केलेल्या तपासणीच्या, आमच्या अहवालात आकडा होता ४१. याच आजारातून रक्तदाब हाताबाहेर जातो, हृदयाचे ठोके बिघडतात, गाडी चालवताना डोळा लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी याच विकाराचं नाव घेतलं आणि कित्येक घरांत ते पहिल्यांदा ऐकलं गेलं.

उपाय म्हणजे सीपॅप. उशाशी ठेवायचं लहानसं यंत्र, एक नळी आणि नाकावर बसणारा मास्क. यंत्र ठरावीक दाबानं हवा सोडत राहतं आणि त्या हवेच्या टेकूनं घसा उघडा राहतो. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८० साली व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी चालवून हा प्रयोग केला आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निबंध आला. त्याआधी तीव्र आजाराच्या रुग्णाच्या गळ्याला भोक पाडून तिथून श्वासाची वाट करून देत. ते दुखणं या नळीनं वाचवलं, म्हणून मला या यंत्राबद्दल मनापासून आदर आहे.

आमचं यंत्र आणि मास्क मिळून अठ्ठावन्न हजार झाले. पॉलिसी अकरा वर्षं जुनी होती, एकदाही क्लेम घेतला नव्हता. बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, स्लीप स्टडीचा अहवाल, सगळं जोडून पाठवलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं, त्यात कारणाची ओळ एकच : बाह्य टिकाऊ उपकरण, देय नाही. स्लीप स्टडीचं बिलही परत आलं : केवळ तपासणीसाठी भरती, देय नाही. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण दुसऱ्या बहुतेक कंपन्यांनीही हेच लिहिलं असतं. ते का, हे समजून घ्यायला हवं. मला ते पैसे भरून झाल्यावर समजलं. तुम्हाला आधी कळावं, म्हणून हा भाग.

आपल्याकडची वैद्यकीय विम्याची घडी १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणलेल्या मेडिक्लेमनं घातली. तिचा पाया खाट हा आहे. रुग्ण चोवीस तास रुग्णालयात भरती झाला तर खर्च मिळेल. पुढे डे-केअर आलं, मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी यांना चोवीस तासांची अट सुटली. पण घरी वापरायच्या वस्तूंबद्दलचा हात आखडताच राहिला. जुन्या मेडिक्लेमच्या वगळणुकीत काठी, कुबड्या, पट्टे, ग्लुकोमीटर यांच्या रांगेत सीपॅपचं नाव चक्क लिहिलेलं असे आणि शेवटी, पुढे घरी वापरता येईल असं कोणतंही उपकरण, अशी जोड असे. आजही अनेक पॉलिसींत हा मजकूर थोडाफार शब्द बदलून सापडतो. काहींत तर झोपेचे विकार सरसकट वगळलेले असतात.

वगळणूक ही पहिली जागा, आता पॉलिसीतली दुसरी जागा बघा. पॉलिसीच्या शेवटी परिशिष्टात चार याद्या छापलेल्या असतात. पहिल्या यादीतल्या वस्तूंचे पैसे कंपनी देत नाही. दुसरीतल्या वस्तू खोलीभाड्यात, तिसरीतल्या शस्त्रक्रियेच्या खर्चात आणि चौथीतल्या उपचाराच्या खर्चात धरलेल्या असतात. सीपॅप आणि त्याच जातीचं बायपॅप या चौथ्या यादीत आहेत. याचा अर्थ लोक चुकीचा लावतात, कधीकधी एजंटही लावतात. उपचाराच्या खर्चात धरलेलं याचा अर्थ घरी न्यायचं यंत्र मिळेल, असा होत नाही. रुग्ण न्यूमोनियानं किंवा हृदयाच्या दुखण्यानं भरती आहे आणि तिथे त्याला सीपॅपवर ठेवलं, तर त्या यंत्राचा आकार उपचाराच्या खर्चातच यायला हवा, वेगळी ओळ लावून तो रुग्णाच्या माथी मारायचा नाही, असा तो अर्थ आहे. तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी बिलात बायपॅपचं भाडं वेगळं दिसलं आणि टीपीएनं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेनं, ते कापलं, तर बिलिंगच्या खिडकीवर पैसे भरण्याआधी ही यादी दाखवा. इथे रुग्णाची बाजू भक्कम असते आणि हेच पैसे लोक सर्वांत सहज सोडून देतात.

तिसरी जागा मला सर्वांत जास्त खुपते. २०१९ मध्ये विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, वगळणुकींचे शब्द सगळ्या कंपन्यांसाठी सारखे केले आणि त्यांना क्रमांक दिले. त्यातला सहावा लठ्ठपणावरच्या उपचाराचा. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया एरवी मिळत नाही, पण बीएमआय ४० किंवा जास्त असेल तर मिळते. ३५ किंवा जास्त असेल आणि सोबत काही गंभीर आजार असतील, तरीही मिळते. त्या गंभीर आजारांत हृदयविकार आहे, आटोक्यात न येणारा मधुमेह आहे आणि तीव्र स्लीप ॲप्निया आहे. म्हणजे हा आजार पोटाची काही लाखांची शस्त्रक्रिया मंजूर करण्याइतका गंभीर आहे, हे नियमानंच मान्य केलं आहे. लहान मुलाचे टॉन्सिल वाढून झोपेत श्वास अडकत असेल, तर ते काढण्याचा खर्चही प्रतीक्षाकाळ संपल्यावर मिळतो. फक्त चाकू न लावता त्याच आजारावर चालणारं यंत्र मिळत नाही. हे चूक आहे, असं मी स्पष्ट म्हणते. उपचार कमी खर्चाचा आणि कमी जोखमीचा आहे म्हणून तो वगळला जावा, याला वैद्यकीय कारण नाही. नियामकानं यंत्र वगळणारं कलम पुन्हा तपासायला हवं.

यंत्राचे पैसे देणं जमत नाही असंही नाही. २५ मे २०१५ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात दहावा द्विपक्षीय करार झाला. त्यातल्या वैद्यकीय विमा योजनेत सीपॅप, बायपॅप यांसारख्या टिकाऊ उपकरणांचं भाडं देय ठरलं, आणि अपवादात्मक परिस्थितीत, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, घरी वापरण्यासाठी खरेदीसुद्धा. जुन्या मेडिक्लेममध्ये जे शब्द वगळणुकीत होते, तेच इथे देय गोष्टींत आले. संघटना टेबलाच्या पलीकडे बसून भांडली की काय होतं, त्याचं हे उदाहरण. बँकेत असणाऱ्या वाचकांनी यंदाच्या नूतनीकरणाची प्रत काढून हे कलम तसंच आहे ना, ते तपासावं.

केंद्र सरकारच्या सीजीएचएसमध्येही सीपॅप मिळतं. तज्ज्ञाची शिफारस, स्लीप स्टडीचा अहवाल आणि आधी घेतलेली परवानगी हवी, आणि रकमेला कमाल मर्यादा आहे. माजी सैनिकांच्या ईसीएचएसमध्येही वाट आहे. या दोन्हीकडे आधी यंत्र विकत घेऊन मागून बिल लावणाऱ्यांची फार ओढाताण होते, तेव्हा क्रम चुकवू नका. खासगी नोकरीत असाल तर कंपनीच्या ग्रुप पॉलिसीची प्रत एचआरकडून मागून घ्या. ग्रुप पॉलिसीच्या अटी मालक आणि विमा कंपनी मिळून ठरवतात, त्यामुळे त्यात बाजारातल्या पॉलिसीपेक्षा वेगळं काही असू शकतं. नूतनीकरणाच्या दोन महिने आधी चार-पाच जणांनी मिळून एचआरला पत्र दिलं, तर हे कलम घालून घेता येतं. वैयक्तिक पॉलिसी असेल, तर अलीकडे काही कंपन्या टिकाऊ उपकरणांसाठी जादा प्रीमियमवर पूरक कवच देतात. ते घेताना उपकरणांच्या यादीत सीपॅपचं नाव आहे का आणि प्रतीक्षाकाळ किती, एवढं ई-मेलवर विचारून घ्या. फोनवरचं आश्वासन क्लेमच्या वेळी उपयोगी पडत नाही.

माझी आत्या न्यू जर्सीत असते, वय ७२. तिला तिथल्या मेडिकेअरमधून यंत्र मिळालं, पण तिथलाही हिशेब सोपा नाही. एएचआय १५ किंवा जास्त हवा, किंवा ५ ते १४ आणि सोबत लक्षणं. पहिले तीन महिने चाचणीचे. त्या काळात सलग तीस दिवसांत किमान ७० टक्के रात्री, रात्री किमान चार तास मास्क लावला, हे यंत्रातल्या नोंदीवरून दिसायला लागतं आणि डॉक्टरांची भेट व्हावी लागते. मग मेडिकेअर तेरा महिने भाडं भरतं. वजावटीची रक्कम आणि वीस टक्के वाटा रुग्णाचा. तेरा महिन्यांनी यंत्र रुग्णाचं होतं. आत्याला सुरुवातीला मास्क सोसवेना, मध्यरात्री काढून ठेवायची. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीतून फोन आला, तेव्हा तिला कळलं की तास कमी पडताहेत. जाच वाटला तिला. पण त्या जाचामुळे मास्कचं माप बदलून मिळालं आणि आता ती पहाटेपर्यंत झोपते. मला यातली भाड्याची कल्पना आपल्याकडे आणण्यासारखी वाटते. यंत्र कपाटात पडून राहण्याची भीती कंपन्यांना असेल, तर वापर पाहून पैसे देण्याची ही पद्धत आहे.

आता स्लीप स्टडीचे पैसे. चौथ्या क्रमांकाची वगळणूक सांगते की केवळ तपासणीसाठी झालेली भरती मिळत नाही. त्यामुळे एका रात्रीच्या चाचणीसाठी भरती दाखवून क्लेम लावण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. मात्र चाचणीनंतर त्याच आजारासाठी तीस किंवा साठ दिवसांत, म्हणजे तुमच्या पॉलिसीत जो काळ लिहिला असेल तेवढ्यात, खरोखरच भरती झाली, समजा घशाची शस्त्रक्रिया झाली, तर ती चाचणी भरतीपूर्व खर्चात लावता येते. ओपीडीचं कवच असेल तर त्यातूनही बघा.

एक विनंती फार कळकळीनं करते. चाचणीत आजार निघाला आणि त्यानंतर तुम्ही नवी पॉलिसी घेत असाल, तर प्रपोजल फॉर्मवर तो लिहा. ‘घोरणं कशाला लिहिता, लोडिंग लागेल,’ असं एजंट म्हणतो. लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लागेलही. पण उद्या हृदयाचा झटका आला आणि रुग्णालयाच्या कागदांत ‘चार वर्षांपासून स्लीप ॲप्निया’ असं डॉक्टरांनी लिहिलं, की लपवल्याचं कारण देऊन तो मोठा क्लेम अडतो. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने करण्यात आला आहे. सलग ६० महिने प्रीमियम भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या कारणानं क्लेम नाकारता येत नाही. खरं लिहून तीन वर्षं थांबणं परवडतं.

आमच्या घरात आता उशाशी एक बारीक घरघर असते, पंख्यापेक्षा हळू. पहिल्या आठवड्यात यजमान दुपारी न झोपता पेपर वाचत बसले, तेव्हा मला पैशांचं दुःख राहिलं नाही. पण अठ्ठावन्न हजार ज्यांच्याकडे एकरकमी नसतात, ते डॉक्टरांची चिठ्ठी फायलीत ठेवून देतात आणि तसेच झोपतात. अशी तीन घरं मला माझ्या ओळखीत माहीत आहेत.

पुढच्या भागात विमा लोकपालांकडे अर्ज कसा लिहायचा ते पाहू. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिना वाट पाहावी लागते. पॉलिसीत सीपॅपचं नाव घेऊन वगळलं असेल, तर यंत्राच्या पैशांसाठी तिथे जाऊन फारसा उपयोग नाही. पण रुग्णालयात लावलेल्या सीपॅपचे पैसे कापले असतील, किंवा पॉलिसीत नसलेलं कलम दाखवून नकार दिला असेल, तर जरूर जा. तोवर नकाराचं पत्र घरात कुठे असेल तर शोधून ठेवा, अर्जाला तोच पहिला कागद लागतो.