अश्वशक्ती, निव्वळ
मोटारगाडीच्या एंजिनाने पंखा, पाण्याचा पंप, विद्युत् जनित्र इ. साहाय्यक उपकरणे चालविल्यानंतर उरणारी शक्ती. ही उपकरणे भुजादंडावरून पट्ट्याने चालतात. त्यांना लागणारी शक्ती चाकांना मिळत नाही. पंख्याची गती दुप्पट झाल्यास त्याला सुमारे आठपट शक्ती लागते. म्हणून अनेक गाड्यांत गरजेपुरताच फिरणारा विजेचा पंखा बसवितात. अमेरिकेत पूर्वी बहुतेक उपकरणे काढून मोजलेली स्थूल अश्वशक्ती जाहीर करीत. १९७१ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या मूळ एंजिनाची स्थूल अश्वशक्ती २७०, तर निव्वळ २१० होती. या फरकात हवा गाळणी व निष्कास नळी यांच्या रोधाचाही वाटा होता. १९७२ पासून तेथे निव्वळ आकडा रूढ झाला. त्यामुळे जुन्या व नव्या गाड्यांची तुलना करताना आकडा कोणता, हे पाहणे आवश्यक ठरते.