जुन्या मिनीबसचे फिरते घर

जबलपूरमध्ये वाहननिर्मिती होते. तेथील वाहन कारखाना १९६९ साली सुरू झाला. सैन्याची 'जोंगा' ही गाडी याच शहरात तयार होई. सेवेतून निवृत्त झालेल्या अनेक जोंगा पुढे लिलावात नागरिकांनी विकत घेतल्या आणि दूरच्या प्रवासासाठी वापरल्या. जुन्या वाहनाला असे नवे आयुष्य देता येते. जुन्या मिनीबसचे फिरते घरही याच विचारातून साकार होते.

मात्र हे काम कायद्यापासून सुरू होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मुळे वाहनाच्या मूळ रचनेत मालकाला मनमानी बदल करता येत नाहीत. म्हणून आसने काढण्यापूर्वी परिवहन कार्यालयातून परवानगीविषयी माहिती घेणे आवश्यक असते.

त्यानंतर सांगाड्याचा गंज, ब्रेक आणि टायर तपासले जातात. पुढचा प्रश्न वजनाचा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो भार; म्हणून पाण्याची टाकी शक्यतो चाकांच्या आसाजवळ, खालच्या बाजूस बसवावी. उंचावरील भार वळणावर गाडी कलंडवू शकतो.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो तळाशी साचतो. त्यामुळे हवा खेळती ठेवणारी झरोके जमिनीलगतही असावीत. जबलपूरच्या कडक उन्हाळ्यासाठी छतात उष्णतारोधक थर हवा.

घर फिरते असो वा स्थिर, त्याची पहिली शोभा सुरक्षितता हीच असते.