आधी बूस्टर काढा

जुन्या चाळींच्या गच्च्यांवर आणि गावाकडच्या कौलांवर टीव्हीचे अॅल्युमिनियमचे अँटेना अजूनही उभे दिसतात. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं आणि पुढची वीसेक वर्षं पडद्यावरच्या मुंग्या घालवायला घरातलं कुणीतरी वर चढून अँटेनाचा पाइप फिरवत असे. मग केबल आली, छत्री आली, आणि मार्च 2022पर्यंत मोजकी ठिकाणं वगळता दूरदर्शनचं जुन्या पद्धतीचं जमिनीवरून होणारं प्रक्षेपण बंद करण्याचं प्रसार भारतीने ठरवलं. आता हे अँटेना उतरवले जातात आणि किलोच्या भावाने भंगारात जातात. ज्यांना ते एफएम रेडिओसारख्या कामासाठी वापरायचे असतात, त्यांची गाडी बहुतेक एकाच ठिकाणी अडते. पाइपावर बूस्टरची, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटची, डबी आहे, पण घरातला तिचा वीज पुरवणारा डबा केव्हाच गहाळ झालेला आहे. तो कुठे मिळेल, हा पहिला प्रश्न विचारला जातो. माझ्या मते तो शेवटी विचारायला हवा. आधी बूस्टर काढावा, नुसता अँटेना वापरून बघावा, आणि गरज सिद्ध झाली तरच बूस्टरच्या विजेचा विचार करावा.

कारण या दोन वस्तू मुळात वेगळ्या आहेत. आडव्या काड्यांच्या या रचनेला यागी-उदा अँटेना म्हणतात. जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी 1926च्या सुमारास ती जगासमोर मांडली. तिचं सगळं काम काड्यांच्या लांबीवर आणि त्यांच्यातल्या अंतरावर चालतं. ज्या लहरी पकडायच्या, त्यांच्या लांबीच्या साधारण निम्मी मधली काडी असते, मागची थोडी लांब आणि पुढच्या थोड्या आखूड. यात जळण्यासारखं, संपण्यासारखं काही नाही. ‘डिजिटल अँटेना’ नावाने बाजारात जे विकतात, त्यातही हेच तत्त्व असतं. लहरीवर चित्र जुन्या पद्धतीने बसवलंय की नव्या, हे काडीला कळत नाही; तिला कळते ती फक्त लांबी. बूस्टरमध्ये मात्र ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, सोल्डरचे सांधे असतात, आणि ते तीस पावसाळे सोसलेले असतात.

वीज नसलेला बूस्टर नुसता निरुपयोगी नसतो, तो अडथळा असतो. अँटेनाने पकडलेला सिग्नल ट्रान्झिस्टरमधून जातो, आणि वीज मिळाली नाही तर ट्रान्झिस्टर तो पुढे सोडत नाही. जे काही झिरपतं ते फार क्षीण असतं. म्हणून ‘अँटेना खराब आहे’ असा निष्कर्ष काढून चांगली वस्तू टाकून दिली जाते. डबीचे गंजलेले स्क्रू उघडले की वाकवलेल्या नळीची, म्हणजे घडीच्या डायपोलची, दोन टोकं दिसतात. ती सर्किटपासून सोडवायची, पॉलिश पेपरने पांढरा थर घासून काढायचा आणि तिथे बालुन जोडायचा. डायपोलच्या 300 ओहमचा 75 ओहमच्या केबलशी मेळ घालणारा हा छोटा ट्रान्सफॉर्मर. मग नवी केबल सरळ रिसीव्हरपर्यंत आणायची.

यावर कुणी म्हणेल, बूस्टर उगाच बसवला नव्हता. खरं आहे. प्रक्षेपण केंद्र लांब, केबल लांब, मध्ये डोंगर, अशा ठिकाणी त्याने मोठं काम केलं. पण त्याचा खरा उपयोग केबलमध्ये होणारं नुकसान भरून काढण्याचा होता. एफएमच्या पट्ट्यात, म्हणजे 88 ते 108 मेगाहर्ट्झला, 15 मीटर साध्या केबलमध्ये सुमारे एक तृतीयांश शक्ती जाते. जवळच्या केंद्रासाठी हे नुकसान जाणवतही नाही. शिवाय बूस्टर सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो, आणि शहरात जवळच्या दणदणीत केंद्रांनी तो गुदमरला की सगळीच केंद्रं एकमेकांत मिसळतात.

तरीही लागलाच, तर घरातला कुठलाही 12 व्होल्टचा अडॅप्टर जोडून चालत नाही. सिग्नल खाली येतो आणि वीज वर जाते, दोन्ही एकाच केबलमधून. हरवलेल्या डब्यात एक कपॅसिटर वीज रिसीव्हरकडे जाऊ देत नसे आणि एक कॉइल सिग्नलला विजेच्या बाजूला वळू देत नसे. ती जोडणी करणारा तयार इन्सर्टर मिळतो, तो घ्यावा. व्होल्टेज अंदाजाने ठरवू नये: 12 व्होल्टचे बूस्टर पुष्कळ आहेत, पण 5चे आणि 24चेही आहेत, आणि काहींना एसी लागत असे. आतल्या कपॅसिटरवर 16 व्होल्ट लिहिलं असेल तर पुरवठा त्याहून कमीच असणार, एवढं तरी कळतं. करंटवर मर्यादा घालता येणाऱ्या पुरवठ्याने कमी व्होल्टेजपासून सुरुवात करावी. चांगला बूस्टर दोन आकडी मिलिअँपियर घेतो. शेकड्यात गेला तर तो टाकावा. आणि बूस्टर काढल्यावर इन्सर्टर चुकूनही जोडलेला ठेवू नये, कारण डायपोल विजेच्या दृष्टीने सरळ शॉर्ट आहे.

नवा अँटेना स्वस्त आहे, मग हा उद्योग कशाला, हा आक्षेप उरतो. पण अखंड काडी हाताशी असताना ती वितळवून पुन्हा तशीच काडी विकत घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. टीव्हीच्या खालच्या पट्ट्यातल्या, 62 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या काड्या जवळपास अडीच मीटर लांब असतात. त्यातून एफएमसाठी सव्वाएकाहत्तर सेंटिमीटरचे दोन तुकडे कापून, मध्ये प्लॅस्टिकची पट्टी ठेवून, एका रेषेत बसवले की 100 मेगाहर्ट्झचा साधा डायपोल तयार होतो. याला बालुनही 75 ओहमचाच घ्यावा, 300चा नको. एकच विनंती आहे: पाइप उभा करताना किंवा उतरवताना विजेच्या तारा त्याच्या उंचीच्या टप्प्यात नाहीत, हे आधी बघा, आणि आभाळ गडगडत असेल तर गच्चीवर जाऊ नका.