वहीचे पहिले पान

आश्विन वद्य अमावास्येची सांज झाली की जामनेरच्या बाजारपेठेत दुकानादुकानांतून समया उजळतात. गादीवर धुतलेली खोळ चढते, तराजूला हळदकुंकू लागते, नव्या केरसुणीची लक्ष्मी म्हणून पूजा होते, आणि चौरंगावर मांडलेल्या कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक रेखून ‘श्री’ लिहिले जाते. साळीच्या लाह्या, बत्तासे आणि धणे-गूळ यांचा नैवेद्य दाखवून घरातील लहानथोर वहीला नमस्कार करतात. दुसऱ्या दिवशी बलिप्रतिपदेच्या मुहूर्तावर नव्या वर्षाची पहिली नोंद होते. कांग नदीच्या काठी वसलेल्या या गावात हा कुलाचार पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे.

1989 पासून आयकरासाठी सर्वांचे हिशेबाचे वर्ष 31 मार्चला संपते. तेव्हापासून पाडव्याच्या वहीला कायद्याच्या दृष्टीने पूर्वीचे महत्त्व उरले नाही. तरीही वहीपूजन थांबलेले नाही, आणि ते थांबू नये. कारण या वहीत व्यापारी केवळ जमा-नावे लिहीत नाही. आणखी एक वर्ष हा धंदा मी निष्ठेने करीन, असा संकल्प तो त्या पहिल्या पानावर लिहीत असतो.

परंतु असेही एखादे वर्ष येते की, हात ‘श्री’ लिहितो आणि मन मात्र त्यात नसते. दुकान उघडायचे म्हणून उघडायचे, गिऱ्हाईक आले तर माल द्यायचा, सायंकाळी गल्ला मोजून कुलूप लावायचे. तोटाच झालेला असतो असे नव्हे. कधी उधारी थकलेली असते, कधी कापसाचा भाव पडल्यामुळे बाजार थंडावलेला असतो, कधी मुले शिकून पुण्या-मुंबईकडे गेलेली असतात. आणि कधी तर काहीच निमित्त नसते, केवळ वीस-पंचवीस वर्षांच्या रहाटगाडग्याने जीव शिणलेला असतो. अशा वेळी घरची गृहिणी ते सर्वांआधी ओळखते. ‘दुकान कोणाला तरी देऊन टाकावे’ हे वाक्य ताटावर बसता बसता एकदा उच्चारले जाते आणि सारे घर क्षणभर गप्प होते. आजोबांनी थाटलेल्या, वडिलांनी वाढविलेल्या आणि ज्यावर सारे घर जेवले त्या दुकानाचा तो प्रश्न असतो.

वाचकहो, या अवस्थेची लाज वाटण्याचे कारण नाही. श्रीमद्भगवद्गीतेचा पहिलाच अध्याय ‘अर्जुनविषादयोग’ या नावाने ओळखला जातो, हे ध्यानी घ्यावयास हवे. जगातला श्रेष्ठ धनुर्धर ऐन रणांगणात गांडीव खाली ठेवतो, आणि परंपरेने त्या विषादालाही ‘योग’ म्हटले आहे. विषाद म्हणजे सर्वस्वाचा शेवट नव्हे. योग्य प्रश्न विचारला गेला, तर पुढील सतरा अध्यायांचे दार तेथूनच उघडते. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. भगवंतांनी अर्जुनाच्या हाती नवे शस्त्र दिले नाही. अखेरीस त्याने उचलले ते त्याचेच गांडीव होते. बदलली ती दृष्टी.

कोणी म्हणेल, धंद्यातून मन उडणे हे वैराग्यच नव्हे काय? देहूच्या तुकोबारायांनीही व्यापार सोडला होता! येथे थोडे थांबून विचार करावा. तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय आणि महाजनकी होती. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने ते घर उद्ध्वस्त केले. पुढे कर्जखतांची वाटणी करून धाकट्या बंधूचा, कान्होबांचा, हिस्सा त्यांनी त्यांच्या हाती दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, अशी कथा परंपरेने जपली आहे. ज्याने जाण्यापूर्वी भावाचा हिस्सा चोख दिला आणि ऋणकोंना मुक्त केले, त्याचे ते वैराग्य होते. आपल्याला ग्रासते ती बहुधा केवळ उदासीनता असते. वैराग्य लोभ सोडते. उदासीनता कर्तव्य सोडते. दोहोंत गल्लत होऊ नये. सावता माळ्यांनी मळा सोडला नाही, गोरोबाकाकांनी चाक सोडले नाही, नरहरी सोनारांनी हातोडी टाकली नाही. त्यांचा विठ्ठल त्यांना कामातच भेटला.

ही झाली संतांची गोष्ट. पण आमच्या याच जामनेर तालुक्याने, अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याशी असलेल्या वाकोद गावाने, अलीकडच्या काळातही एक उदाहरण दिले आहे. 12 डिसेंबर 1937 रोजी तेथे एका शेतकरी कुटुंबात भवरलाल जैन यांचा जन्म झाला. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजस्थानच्या कोरड्या मुलुखातून पाण्याच्या शोधात येथे आले होते. मुंबईस वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण झाल्यावर त्यांना सरकारी अधिकारीपदाची संधी होती. मातेच्या सल्ल्याने ती त्यांनी बाजूस ठेवली, आणि 1963 साली घरच्या बचतीचे सात हजार रुपये घेऊन जळगावी रॉकेलचा व्यापार आरंभिला. पुढे बियाणे, खते, शेतीची अवजारे. 1978 मध्ये केळीच्या भुकटीचा एक जुना कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन बनविण्यास प्रारंभ. 1980 मध्ये प्लॅस्टिकचे नळ. आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन. माती आणि पाणी यांभोवतीच हा सारा विस्तार होत गेला.

मग नव्वदचे दशक आले. देशात उदारीकरणाचे वारे वाहू लागले, आणि ज्या उद्योगाचा जीव शेतात होता तो वित्तव्यवहार, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा अनोळखी वाटांवर गेला. परिणाम व्हायचा तोच झाला. मोठा तोटा आला आणि कर्जाचा डोंगर उभा राहिला. येथे भवरलालजींनी जे केले ते व्यापाऱ्याच्या इतिहासात विरळा होय. आपला निर्णय चुकला, असे सांगून त्यांनी भागधारकांची जाहीर क्षमा मागितली, नव्या वाटा एकेक बंद केल्या, आणि ते पुन्हा शेतकऱ्याच्या बांधावर येऊन उभे राहिले. ठिबकच्या नळ्या, केळीची ऊतिसंवर्धित रोपे, फळे आणि कांदा यांवरील प्रक्रिया हेच त्यांचे क्षेत्र राहिले. त्यांचा उत्साह मेला होता असे आम्ही म्हणणार नाही. तो वाट चुकला होता, आणि मूळ कामाशी पुन्हा गाठ पडताच तो परतला. 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2012 मध्ये जळगावच्या जैन हिल्सवर गांधीतीर्थ उभे राहिले, आणि 25 फेब्रुवारी 2016 रोजी त्यांनी देह ठेवला.

या कथेला सोनेरी शेवट जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. त्यांच्या पश्चात 2019 मध्ये त्या उद्योगावर कर्जाचे संकट पुन्हा कोसळले. 2022 मध्ये कर्जाची फेरबांधणी करावी लागली, आणि 2023 मध्ये परदेशांतील सिंचन व्यवसाय दुसऱ्या कंपनीत विलीन करावा लागला. सावरणे हे एकदाच करावयाचे काम नव्हे, हाच त्याचा अर्थ. म्हणून तर वहीपूजन दरवर्षी येते.

दिवाळी सरली की कार्तिकी एकादशीस जळगावी श्रीरामाचा रथ निघतो. संत आप्पा महाराजांनी 1872 मध्ये ही परंपरा सुरू केली. लाकडाचा तो अवजड रथ हजारो हातांनी ओढला जातो. परंतु त्याला वळण देतात आणि आवरतात ते चाकांशी मोगरी लावणारे जाणते सेवेकरी. मोगरी लागली की चाक अडते. कोणा अजाणास वाटावे, रथ अडकला. जाणत्यास ठाऊक असते की, असे अडल्यावाचून कोपरा ओलांडताच येत नाही. आमच्या मते धंद्यातली उदासीनताही पुष्कळदा अशी मोगरीच असते. ती सांगते की पुढे वळण आहे. याच वेगाने आणि याच दिशेने जाऊ नये.

मग वळावे कसे? यंदा लक्ष्मीपूजनापूर्वी जुनी वही एकवार शांतपणे उघडावी. आपण धंदा कोणत्या मालाने सुरू केला आणि आज कोणत्या मालाच्या मागे धावतो आहोत, हे पाहावे. जे केवळ शेजाऱ्याने केले म्हणून आपणही केले, ते ओळखून बाजूस ठेवावे. थकलेल्या उधारीपैकी येणारी कोणती आणि न येणारी कोणती, हे ठरवावे. न येणारीचा ताप नव्या वर्षात नेऊ नये. ज्या गिऱ्हाइकांचे बापजादे आपल्या पायरीवर बसून गेले, त्यांची नावे आठवावीत, आणि आपल्या मालाने त्यांच्या संसारात काय भर पडते, हे त्यांनाच विचारावे. हे सारे पती-पत्नींनी मिळून करावे. घरातील तरुणांनाही जवळ बसवावे, पण गादी त्यांच्यावर लादू नये. इतके करूनही मन वळले नाही, तर देणी चुकती करून, नोकरमाणसांची सोय लावून, सन्मानाने दुकान दुसऱ्याच्या हाती द्यावे. त्यातही अधर्म नाही. अधर्म आहे तो मन नसताना, गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवून, वर्षामागून वर्षे कुलूप उघडीत राहण्यात.

लक्ष्मी चंचल आहे असे म्हणतात. पण पूजेच्या चौरंगाजवळ आपण केरसुणीही ठेवतो, याचा विचार व्हावा. जेथे रोज पहाटे उंबरा झाडला जातो, तेथे ती येते. जैन बांधवांच्या घरी हीच रात्र भगवान महावीरांच्या निर्वाणाची, अंधारात ज्ञानाचा दीप लावण्याची. असा एक दीप यंदा वहीपाशी ठेवावा, ‘श्री’ हे अक्षर सावकाश, मनापासून गिरवावे, आणि पाडव्याच्या पहाटे दुकानाची पायरी स्वहस्ते झाडून पहिल्या गिऱ्हाइकाचे नाव घेऊन स्वागत करावे. सर्व वाचकांस ही दीपावली आरोग्याची, समाधानाची आणि कामात गोडी आणणारी जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना.