सुरतेतील खानदेशी चूल : बेताच्या खर्चात सकस आहार

भुसावळहून ताप्तीच्या खोऱ्यातून सुरतेस जाणाऱ्या रेल्वेमार्गाने धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे गेल्या काही दशकांत सुरतेत स्थायिक झाली. लिंबायत, उधना, पांडेसरा या वस्त्यांतून अहिराणी आजही सर्रास कानी पडते. यंत्रमागावरील बारा तासांची पाळी, खोलीचे भाडे व गावी पाठवावयाची रक्कम यांतून किराण्यासाठी जे उरते, त्यात कुटुंबाचे पोषण साधणे ही गृहिणीची खरी परीक्षा होय. ही बाब गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) गुजरातमध्ये १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

खर्चाचा विचार धान्यापासून सुरू करावा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते व जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. शिधापत्रिका गावची असल्याने सुरतेत तिचा उपयोग नाही, असा समज अद्याप आढळतो. तो चुकीचा आहे. महाराष्ट्र व गुजरात यांच्या दरम्यान ही सोय ऑगस्ट २०१९ मध्येच सुरू झाली. आधार क्रमांक शिधापत्रिकेस जोडलेला असल्यास सुरतेतील रास्तभाव दुकानात अंगठ्याचा ठसा देऊन धान्य घेता येते. काही भाग सुरतेत व उरलेला गावी राहिलेल्या आईवडिलांनी उचलला तरी चालते. मात्र राज्याच्या खास योजनांतील अन्य जिन्नस या सोयीत मिळत नाहीत.

अशा रीतीने वाचलेला पैसा डाळी व कडधान्यांकडे वळवावा. तृणधान्यांतील प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. डाळींत तो भरपूर असतो, परंतु मेथिओनिन कमी पडते. दोन्ही एकत्र खाल्ल्याने ही उणीव परस्पर भरून निघते. खानदेशातील कळण्याच्या भाकरीत नेमके हेच साधलेले आहे. चार वाट्या ज्वारीस एक वाटी सालीसकट उडीद व थोडे मीठ घालून दळलेल्या या पिठाची भाकरी ठेचा व कांद्याबरोबर खाल्ली तरी नुसत्या चपातीहून सरस ठरते. शहरात आल्यावर कळणे गावंढळ मानून ते सोडणारी घरे पाहिली की खेद वाटतो. हे पीठ पिठाच्या गिरणीतून महिन्याचे एकदम न आणता आठवड्यापुरतेच आणावे.

मठ, मूग, चवळी ही कडधान्ये रात्री भिजवून मोड आणल्यास लवकर शिजतात, इंधन वाचते व क जीवनसत्त्व वाढते. अंबाडी, तांदुळजा, शेवग्याचा पाला यांसारख्या पालेभाज्या महाग भाज्यांना उत्तम पर्याय आहेत. हिवाळ्यात सुरती पापडी स्वस्त झाली की ती अवश्य घ्यावी. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी आणि शिजवलेले पाणी फेकून न देता वरणात घालावे.

भाजी, डाळ वा भाकरीतील लोह शरीरास सहजासहजी मिळत नाही. जेवताना लिंबू पिळल्यास ते अधिक शोषले जाते, तर जेवणाबरोबर घेतलेला चहा त्यास अडथळा करतो. तो तासाभराने घ्यावा. गुळात लोह विपुल असते हा समज मात्र अतिशयोक्त आहे. त्यावर विसंबू नये.

चौघांच्या घरात महिन्यास सुमारे अडीच किलो तेल पुरावे. शेवभाजीची तर्री रोजची न राहता सणावारापुरती राहिली, तर तेवढ्यात भागते.

एका गोष्टीकडे हिशेबात सहसा लक्ष जात नाही. पाळीवर जाणाऱ्याचा डबा व मुलांची ताटे भरून उरेल ते गृहिणी खाते, आणि बहुधा वरण संपलेले असते. रक्तक्षयाचे मूळ पुष्कळदा येथेच असते. यासाठी स्वयंपाक होताच तिच्या वाट्याचे वरण व भाजी वेगळी काढून झाकून ठेवावी. पाळीच्या मधल्या सुट्टीत कारखान्याबाहेरच्या भज्यांवर जाणारा पैसाही मोठा असतो; त्याऐवजी डब्यात भाजलेले शेंगदाणे व फुटाणे न्यावेत. मुलांच्या हाती बिस्किटाच्या पुड्याऐवजी शेंगदाण्याचा लाडू द्यावा. तो घरी करावयास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.