सावित्रीच्या खोऱ्यातील तरुण आणि अध्यात्म

सावित्री नदीच्या खोऱ्यातील महाड आणि पोलादपूर तालुक्यांत तरुण पिढीचे अध्यात्म प्रामुख्याने कृतीतून दिसते. पालखीला खांदा देणे, मृदंगावर साथ करणे, बैठकीला बसणे, बुद्धवंदना घेणे, श्रमदानाला जाणे या वाटांनी ही पिढी श्रद्धेशी जोडलेली आहे. जिथे तिच्यावर काम सोपवले जाते, तिथे ती रमते. नुसते हात जोडून बसायचे असेल, तर तिचे येणे हळूहळू कमी होते.

श्रद्धा ओसरल्याचे चित्र देशातही दिसत नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये सुमारे ३०,००० भारतीय प्रौढांची पाहणी केली. त्यांपैकी ९७ टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचे सांगितले आणि ८४ टक्के लोकांनी धर्म आपल्या आयुष्यात अतिशय महत्त्वाचा मानला. बदल झाला आहे तो जगण्याच्या रीतीत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या भागात शेती मुख्यतः पावसाळी भाताची. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला नोकरीसाठी जात आली. आजचे तरुणही मुंबई-ठाण्यात किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करतात. रोजची पूजा घरातील वडीलधाऱ्यांकडे राहते आणि तरुणांचा देवधर्म सुट्टीच्या दिवसांत एकवटतो. गणपती, शिमगा आणि गावचा सप्ताह यांसाठी रजा राखून ठेवलेली असते. मुंबईतील ग्रामस्थ मंडळे वर्गणी गोळा करतात आणि कामेही वाटून देतात.

महाडचे ग्रामदैवत वीरेश्वर. महाशिवरात्रीच्या सुमारास भरणाऱ्या त्याच्या छबिना उत्सवात परिसरातील ग्रामदेवतांच्या पालख्या आणि सासनकाठ्या येतात. उंच बांबूला कापड आणि तुरे लावलेली ही काठी खालूबाजाच्या तालावर नाचवायची, तर ताकदीइतकाच तोल लागतो. भोवतीच्यांची साथ नसेल तर ती पेलत नाही. जाणता माणूस शेजारी उभा राहून नवख्या पोराला शिकवतो. ग्रामदेवतेविषयीचा आदर त्या पोरात उपदेशाआधी खांद्यावरच्या भारातून उतरतो.

वारकरी परंपरेचेही तसेच आहे. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि कीर्तन-प्रवचनाच्या शिक्षणाला शिस्त आणली. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात पहाटेची काकड आरती, ज्ञानेश्वरीचे पारायण, प्रवचन, हरिपाठ, रात्रीचे कीर्तन आणि शेवटी काल्याचे कीर्तन असा क्रम असतो. या सात दिवसांत वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून पहाऱ्याच्या पाळ्या लावतात. मध्यरात्रीनंतरचा पहारा तरुणांनी उचलावा, अशी मोठ्यांची अपेक्षा असते. गळ्यात वीणा अडकवून, झोप आवरत, मुखाने नाम घेत उभे राहणे ही एक साधनाच आहे. हाती प्रथम टाळ येतो, मग पावली जमते, चाली पाठ होतात आणि कुणी पुढे मृदंगाकडे वळतो.

महाड तालुक्यातील शिवथरघळ समर्थ रामदासांच्या दासबोधाशी जोडलेली आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये हे स्थान शोधून काढले. पावसाळ्यात घळीशेजारी प्रचंड धबधबा कोसळतो आणि तो पाहायला तरुणांची रीघ लागते. काही जण भिजून परततात, काही आत जाऊन शांत बसतात. २० दशकांच्या आणि २०० समासांच्या दासबोधाचे निरूपण मात्र रायगड जिल्ह्यात घरोघर पोचले ते रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या बैठकींमुळे. आठवड्याची ठरलेली बैठक आणि तिच्या जोडीला स्वच्छता, वृक्षलागवड अशी कामे यांमुळे तरुणांना श्रवण आणि सेवा एकत्र मिळतात.

याच महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून समतेचा हक्क बजावला आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. बौद्ध तरुणांच्या दृष्टीने त्रिशरण-पंचशील आणि सामाजिक न्याय यांची फारकत होऊ शकत नाही. २० मार्चला तळ्यावर अभिवादनासाठी येणारा तरुण पुस्तकेही विकत घेतो. प्रश्न विचारणे हा त्याच्या धम्माचरणाचा भाग असतो. महाडजवळची गांधारपाले येथील बौद्ध लेणी त्याला या वारशाचे प्राचीन मूळ दाखवतात.

विज्ञान शिकल्याने श्रद्धा संपते असेही नाही. सावित्रीच्या काठावर सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. त्वचाविकार बरे होतात या समजुतीने लोक तिथे स्नान करतात. शाळेत भूगोल शिकलेल्या मुलाला झऱ्याचे कारण माहीत असते, तरी आजीसोबत तो भक्तिभावाने अंगावर पाणी घेतो. मात्र आजारात डॉक्टरकडे जाण्याचा आग्रहही तोच धरतो. हा विवेक नव्या पिढीची मोठी कमाई आहे. अघोरी प्रथांना आळा घालणारा राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही त्याला बळ देतो.

मोबाइलने अंतर कमी केले आहे. रात्रपाळीचा कामगार गावचे कीर्तन थेट प्रक्षेपणातून ऐकतो आणि चाली यूट्यूबवरून शिकतो. पण पडद्यावर पालखीला खांदा देता येत नाही. शिवाय काही प्रश्न तरुणच उघडपणे मांडतात. वर्गणीचा भार, डीजेचा गोंगाट, मानपानावरून होणारे तंटे आणि पालखीपासून दूर ठेवल्या जाणाऱ्या मुली यांवर परंपरेने विचार करायलाच हवा. मृदंग शिकणाऱ्या आणि कीर्तनाला उभ्या राहणाऱ्या मुलींना आता जागा मिळू लागली आहे. ती वाढायला हवी.

जुलै २०२१ मध्ये महाड पुरात बुडाले आणि तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. तेव्हा अनेक तरुण घराघरांतला चिखल उपसायला धावले. एरवी देवळात क्वचित दिसणाऱ्या मुलांची सेवाही अध्यात्माच्या हिशेबात धरली पाहिजे. तरुण देवाधर्मापासून तुटले, अशी तक्रार करणाऱ्या गावांनी आणि संस्थांनी त्यांच्या हाती जबाबदारी, निर्णय आणि प्रश्न विचारण्याची मोकळीक द्यावी. या खोऱ्यात जिथे ती दिली गेली, तिथे तरुण टिकले आहेत.